चैत्रातही शाल सुटत नाही, तेव्हा

प्रश्न : माझे वय ४४ असून मी साताऱ्यात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीपासून मला सतत थंडी वाजते. आमचे घर यवतेश्वरच्या बाजूला असल्यामुळे तिकडे हिवाळ्यात गारठा असतोच, म्हणून तेव्हा त्याचे काही वाटले नाही. परंतु आता चैत्र लागला, घरातली सगळी माणसे पंख्याखाली झोपतात आणि मी वाकळ पांघरून वेगळ्या खोलीत झोपते. वर्गात मुले घामाघूम होतात, तेव्हा माझ्या अंगावर शाल असते. सासूबाई म्हणतात अंगात रक्त कमी आहे, शाळेतील एक बाई म्हणतात थायरॉईड असेल, यजमानांचे म्हणणे असे की चाळिशीनंतर असे व्हायचेच. काखेत थर्मामीटर लावून दोन-तीनदा पाहिले, तर ९७ भरला. पाळी पूर्वीपेक्षा जास्त दिवस राहते आणि जास्त जाते, केस गळतात, सहा महिन्यांत वजन चार किलोंनी वाढले आहे. दर सोमवारी आणि संकष्टीला उपवास करते. एवढ्याशा कारणासाठी डॉक्टरांकडे जावे का? गेल्यास कोणाकडे जावे? — एक शिक्षिका, सातारा

उत्तर : होय, आपण डॉक्टरांकडे जावे आणि येत्या आठ दिवसांत जावे. घाबरण्यासारखे काही दिसत नाही, परंतु थांबण्यासारखेही काही उरलेले नाही. आपल्या पत्रातील ‘एवढ्याशा कारणासाठी’ हे शब्द मला सर्वांत जास्त खटकले. घरातील मुलाला सहा महिने अशी थंडी वाजत असती, तर आपण त्याला पहिल्याच पंधरवड्यात दवाखान्यात नेले असते, याविषयी मला शंका नाही.

थंडी वाजणे हा स्वतः आजार नाही. काही माणसांना लहानपणापासूनच इतरांपेक्षा अधिक थंडी वाजते. अंगकाठी बारीक असेल, स्नायू कमी असतील, तर शरीरात उष्णता निर्माणही कमी होते आणि टिकतेही कमी. अशा व्यक्तीने उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घातले, तर त्यात काळजीचे काहीच नसते. म्हणून मी रुग्णाला पहिला प्रश्न हाच विचारतो की, पूर्वीही असेच होते का. आपण दिवाळीपासून म्हणता, म्हणजे त्याआधीच्या ४३ वर्षांत असे नव्हते. दुसरा प्रश्न असा की, थंडीबरोबर आणखी काय बदलले. आपल्या बाबतीत पाळी बदलली, केस बदलले आणि वजनही बदलले. थंडी नवीन असणे आणि तिला अशी सोबत असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की वयाचे कारण पुढे करून गप्प बसू नये. शिवाय चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या सुमारास स्त्रियांना बहुधा अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते, घाम फुटतो आणि त्यानंतर थोडा वेळ थंडी वाजते. चोवीस तास शाल गुंडाळून बसण्याची वेळ त्यामुळे सहसा येत नाही.

आपले शरीर विश्रांतीच्या काळातही अन्न जाळून उष्णता निर्माण करीत असते आणि रक्त ती उष्णता हातापायांपर्यंत पोहोचवते. बाहेर गारवा वाढला की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग त्वचेतील रक्तवाहिन्या आवळून घेतो, म्हणजे आतली ऊब आत राहते. तेवढ्याने भागले नाही, तर स्नायूंना कापरे भरते. शरीरातील ज्वलनाचा वेग ठरवण्याचे काम मुख्यतः गळ्यातील थायरॉईड ग्रंथीच्या संप्रेरकाकडे असते. हे संप्रेरक कमी पडले की चूल मंदावते. मग थंडी सोसत नाही, वजन वाढते, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, पोट साफ होत नाही, नाडी संथ होते, आवाज जड होतो, पाळी जास्त जाते आणि मन उगाच उदास राहते. ही सर्व लक्षणे एका व्यक्तीत सापडावीत असे नाही. आपल्या पत्रात यांपैकी चार स्पष्ट आहेत. उरलेल्यांविषयी आपण लिहिले नाही, कदाचित कोणी विचारलेही नसेल.

या आजाराला फार जुना वैद्यकीय इतिहास आहे. विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांनी १८७३ साली प्रौढ स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या या अवस्थेचे वर्णन केले, तेव्हा तिच्यावर उपाय नव्हता. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचण्यास सुरुवात केली आणि ती पुढे तब्बल २८ वर्षे जगली. आज त्या अर्काच्या जागी लिव्होथायरॉक्सिनची लहानशी गोळी आली आहे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, ‘थायरॉईड निघाला तर काय’ या भीतीने तपासणी टाळणाऱ्या अनेक बहिणी मला भेटतात. प्रत्यक्षात ज्यावर खात्रीचा उपाय आहे अशा आजारांत याचा क्रमांक बराच वरचा लागतो.

सासूबाईंचा अंदाजही हलक्यात घेण्यासारखा नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. ते कमी झाले की ज्वलन अपुरे होते आणि शरीर आधी महत्त्वाच्या अवयवांना रक्त पुरवते, त्यामुळे हातपाय गार पडतात. लोहाची कमतरता असली की थायरॉईडच्या कामातही अडथळा येतो. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तो रक्तक्षय असतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे आपल्या शिक्षक-कक्षात दहा स्त्रिया बसत असतील, तर त्यांपैकी पाच-सहा जणींचे रक्त कमी असण्याचा संभव आहे, आणि त्या सगळ्या त्याला ‘दगदग’ म्हणत असतील.

आपल्या बाबतीत ही दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली असू शकतात, आणि मला तीच शक्यता सर्वांत जास्त वाटते. थायरॉईड मंद झाला की पाळी जास्त जाते, पाळी जास्त गेली की लोह कमी होते आणि लोह कमी झाले की थंडी आणखी वाढते. म्हणून केवळ हिमोग्लोबिन पाहून लोहाच्या गोळ्या सुरू करणे, किंवा केवळ थायरॉईड पाहून बाकीचे विसरणे, हे दोन्ही अपुरे आहे.

आता कोणाकडे जावे, याविषयी. आपले नेहमीचे फॅमिली डॉक्टर किंवा एखादे फिजिशियन पुरेसे आहेत. थायरॉईडच्या तज्ज्ञासाठी पुण्याला धाव घेण्याची या टप्प्यावर गरज नाही. खर्चाची अडचण असेल, तर साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय जवळच आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. डॉक्टर आधी नाडी, रक्तदाब, डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू, त्वचा आणि गळा पाहतील. त्यानंतर रक्ताच्या चार तपासण्या बहुतेक वेळा पुरेशा होतात : संपूर्ण रक्तगणना, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारे संप्रेरक; थायरॉईड मंदावला की ते वाढते), फेरिटिन आणि साखर. फेरिटिनचा आग्रह मी यासाठी धरतो की, ते शरीरातील लोहाची शिल्लक दाखवते. हिमोग्लोबिन काठावर का होईना बरे दिसत असताना आतली कणगी रिकामी झालेली असू शकते. आपण शाकाहारी असाल, तर बी१२ जीवनसत्त्वाचीही तपासणी करून घ्यावी, कारण दूध-दही वगळता शाकाहारात ते जवळजवळ नसतेच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर तसे आधी सांगावे; त्यांच्यामुळे थायरॉईडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

टीएसएच वाढलेले आले, तरी लगेच जन्मभराची गोळी लागली असे समजू नये. आकडा १० च्या वर असेल, तर सहसा उपचार सुरू करतात. तो त्याहून कमी, पण मर्यादेपेक्षा थोडा जास्त असेल आणि थायरॉईडचे टी४ हे संप्रेरक व्यवस्थित असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग निर्णय घेणे योग्य ठरते, कारण काही जणींचा आकडा आपोआप खाली येतो. गोळी सुरू झालीच, तर ती सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहा घेऊ नये. शाळेची घाई असलेल्या घरात हा अर्धा तास कसा काढावा, हे मला ठाऊक आहे : गोळी उशाशी ठेवावी, उठल्याबरोबर घ्यावी आणि मग आंघोळीला जावे. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी. मात्रा जुळली की नाही, ते सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करून पाहतात; तेवढ्या काळात थंडी एकदम जाणार नाही, हळूहळू ओसरेल. कोबी-फ्लॉवर सोडण्याचा सल्ला आपल्याला चार जणी देतील. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या कोबीने काहीही बिघडत नाही.

रक्त कमी निघाले, तर लोहाच्या गोळ्या लागतील. त्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्याला भिऊ नये. आणि हिमोग्लोबिन भरून आले म्हणून त्या लगेच बंदही करू नयेत, कारण त्यानंतर साठा भरून यायला साधारण तीन महिने लागतात. आहारात पालेभाज्या, बाजरी, तीळ आणि आपल्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडा ठेवावा, त्यावर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा पिण्याची सवय तेवढी मोडावी, कारण चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. मांसाहार करीत असाल, तर त्यातील लोह अधिक सहज शोषले जाते. परंतु पाळी इतकी जात असताना केवळ आहाराने ही तूट भरून निघेल, अशा भ्रमात राहू नये. पाळी सात दिवसांपेक्षा अधिक चालत असेल, गाठी पडत असतील किंवा दर तास-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफीही करून घ्यावी. गळती तशीच ठेवून वरून पाणी ओतत राहण्यात अर्थ नसतो.

उपवासांविषयी मला आपल्या श्रद्धेत हात घालायचा नाही. एवढेच सुचवतो की, साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो, त्यात प्रथिने आणि लोह नगण्य असतात. सोमवारी खिचडीऐवजी दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा आणि फळे घेतली, तर उपवासही राहील आणि शरीराची उपासमारही होणार नाही. सुंठ, आले, डिंकाचे लाडू यांनी घटकाभर ऊब वाटते आणि माफक प्रमाणात त्यांचा अपायही नाही. मात्र त्यांनी थायरॉईड सुधारत नाही. ज्या औषधात काय आहे ते सांगितले जात नाही, अशी पुडी मात्र कोणाच्याही शब्दावर घेऊ नये. अशा पुड्यांमध्ये कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने चार दिवस हुशारी वाटते आणि खरा आजार झाकला जातो.

काखेतील ९७ फॅरनहाइट हे तापमान सामान्य आहे. काखेत ते तोंडातल्यापेक्षा थोडे कमीच भरते. थंडीबरोबर हुडहुडी भरून ताप येत असेल, तर तो निराळा विषय आहे. ते हीव असते आणि हिवताप, लघवीचा जंतुसंसर्ग यांसारख्या कारणांसाठी त्याच दिवशी दाखवावे लागते. संध्याकाळी बारीक ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि वजनात घट असेल, तर क्षयाची तपासणी करावी लागते. धाप लागणे, छातीत दुखणे, चेहऱ्यावर सूज, सारखी गुंगी येणे, बोलण्यात असंबद्धपणा किंवा ९५ फॅरनहाइटच्या खाली तापमान, यांपैकी काहीही झाले, तर आठ दिवसांची वाट पाहू नये, तडक रुग्णालय गाठावे.

जाताना एका कागदावर लिहून न्यावे : थंडी केव्हापासून आहे, सर्वांगाला आहे की हातापायांना, मागील तीन पाळ्यांच्या तारखा आणि सुरू असलेली सर्व औषधे. रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी दिल्या जाणाऱ्या ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारख्या गोळ्यांनीही हातपाय गार पडतात. यजमानांना बरोबर न्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. चाळिशीचे स्पष्टीकरण डॉक्टरांनी खोडलेले त्यांच्या कानांवर पडले, तर पुढची तपासणी आणि औषधे वेळेवर होतील.

प्रश्न : मी २० वर्षांची असून कऱ्हाडला शिकते. माझे हात लहानपणापासून गार असतात. गेल्या दोन हिवाळ्यांत सकाळी थंड पाण्यात हात घातला की बोटे पांढरी पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन झिणझिणतात. बाकी काहीच त्रास नाही. — एक विद्यार्थिनी, कऱ्हाड

उत्तर : आपण रंगांचा क्रम इतका नेमका लिहिला आहे की निदान जवळजवळ पत्रातच झाले. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनॉ यांनी १८६२ मध्ये या प्रकाराचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. गारव्याने बोटांतील बारीक रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आवळतात, एवढाच त्याचा अर्थ. तरुण मुलींमध्ये तो बहुधा निरुपद्रवी असतो. भांडी आणि कपडे कोमट पाण्यात धुवावेत, हातमोज्यांबरोबर अंगही उबदार ठेवावे आणि तंबाखूच्या धुराजवळ थांबू नये. सवडीने एकदा डॉक्टरांना बोटे दाखवावीत. मात्र बोटांच्या टोकांना जखमा होऊ लागल्या, सांधे सुजले, त्वचा ताणल्यासारखी घट्ट झाली किंवा एकाच हाताला त्रास होऊ लागला, तर सवडीची वाट पाहू नये.

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे असून आम्ही सांगलीत राहतो. त्यांना १५ वर्षांपासून मधुमेह आहे. पाय बर्फासारखे गार पडतात, असे ते रोज रात्री म्हणतात. पण मी हात लावून पाहतो, तर मला ते गरम लागतात. ते गरम पाण्याची रबरी पिशवी पायांशी घेऊन झोपतात. हे चालेल का? — एक मुलगा, सांगली

उत्तर : नाही. ती पिशवी आज रात्रीपासूनच बंद करावी. वडिलांना पाय गार वाटतात आणि आपल्या हाताला ते गरम लागतात, याचा अर्थ रक्त पोहोचत आहे, परंतु मधुमेहाने नसा खराब झाल्यामुळे मेंदूला चुकीचा निरोप जात आहे. ज्या पायाला खरी थंडी कळत नाही, त्याला खरा चटकाही कळत नाही. सकाळी तळव्याला फोड दिसतो, आठवड्यात त्याची जखम होते आणि मधुमेहात ती चिघळते. केवळ ऊब द्यायच्या प्रेमापोटी पाय गमावण्याची वेळ आलेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून इतक्या कडक शब्दांत लिहितो आहे. शेगडीजवळ पाय धरणेही तितकेच धोक्याचे आहे.

पिशवीऐवजी वरचा पट्टा घट्ट नसलेले लोकरी किंवा सुती मोजे घालावेत आणि पायांवर गोधडी घ्यावी. आंघोळीचे पाणी वडिलांनी पायाने नव्हे, आपण कोपराने पाहावे. या महिन्यात त्यांना डॉक्टरांकडे नेऊन पायांची रीतसर तपासणी करून घ्यावी : नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याची संवेदना पाहतात आणि पायांची नाडी चाचपतात. मेटफॉर्मिन ही गोळी पुष्कळ वर्षे सुरू असेल, तर बी१२ अवश्य तपासावे, कारण या गोळीने ते कमी होते आणि त्या कमतरतेनेही पाय बधिर पडतात.

याच्या उलट, पाय हाताला खरोखर गार लागत असतील, बाजारापर्यंत चालताना पोटऱ्या दुखून थांबावे लागत असेल आणि थांबल्यावर बरे वाटत असेल, तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी. वडील विडी ओढत असतील किंवा तंबाखू खात असतील, तर ही शंका आणखी बळावते. आईंना मिश्री लावायची सवय असेल, तर हेच वाक्य त्यांच्यासाठीही आहे. एक पाय अचानक गार आणि फिका पडून जोरात दुखू लागला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रात्रीच्या रात्री सांगलीच्या किंवा मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण अडलेला रक्तप्रवाह साधारण सहा तासांच्या आत मोकळा झाला, तरच पाय वाचण्याची चांगली आशा असते.

दररोज रात्री मोजे चढवण्यापूर्वी दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात आपण स्वतः पाहाव्यात. वडिलांना वाकून पाहणे जमणार नाही आणि दुखत नसल्यामुळे ते सांगणारही नाहीत.